घरात रेंज नाही? पोर्ट करण्याआधी नेटवर्क स्वतः तपासायची रीत

मुंबईत टॉवर नाही म्हणून रेंज नाही, असं फार कमी वेळा होतं. टॉवर गल्लीच्या तोंडाशी असतो, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीशेजारी अँटेना डोळ्यांना दिसत असतात, आणि तरी फोन घेऊन किचनमध्ये गेलं की कॉल कट. मग माणूस वैतागून सिम पोर्ट करतो, नाहीतर ऑनलाइन मिळणारा, सिग्नल वाढवणारा बूस्टर मागवतो. पोर्ट करून कधी फरक पडतो, कधी नाही. बूस्टर तर बेकायदा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. या दोन्हींच्या आधी एखादी संध्याकाळ खर्च केली तर दुखणं फोनचं, भिंतीचं, गर्दीचं की टॉवरचं हे बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी.

कॉल जातो कुठून

आपल्या फोनच्या लहरी हवेतून जातात त्या पहिले काहीशे मीटरच. तुमच्या फोनमधून रेडिओ लहरी जवळच्या अँटेनापर्यंत पोचतात, तिथून पुढचा प्रवास फायबरने किंवा टॉवरवरच्या गोल मायक्रोवेव्ह डिशने. मग कंपनीचं मुख्य केंद्र लागतं, ज्याला या धंद्यातले लोक ‘कोअर’ म्हणतात. पलीकडच्या माणसाच्या बाजूलाही हीच साखळी उलटी. यातली कुठलीही कडी निसटली तरी आपण म्हणतो एकच, ‘रेंज नाही’.

लहरींसाठी मिळणारी जागा, म्हणजे स्पेक्ट्रम, मोजकी असते आणि सरकारकडून लिलावात विकत घ्यावी लागते. म्हणून शहराचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला म्हणजे ‘सेल’ला एक अँटेना द्यायचा, ताकद बेताची ठेवायची आणि तीच फ्रिक्वेन्सी पुढे पुन्हा वापरायची. ही कल्पना बेल लॅब्समध्ये १९४७ मध्ये कागदावर आली. आजचा ‘सेलफोन’ त्यावरच उभा आहे. एका टॉवरवर साधारण तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात, त्यामुळे टॉवरच्या दोन बाजूंना राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. वस्ती दाट झाली की सेल आणखी लहान करावे लागतात. ‘आमच्याकडे टॉवर नको’ आणि ‘आमच्याकडे रेंज का नाही’ हे दोन ठराव एकाच सोसायटीच्या एकाच मीटिंगमध्ये येतात, ते या गणिताकडे पाठ फिरवून.

सिमकार्डात तुमचा दहा आकडी नंबर हा मुद्दाच नसतो. त्यात असतो कंपनीने दिलेला एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली, जी सिमच्या बाहेर कधी पडत नाही. फोन चालू केला की नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम त्या किल्लीने उत्तर काढून परत देतं, उत्तर जुळलं की आत प्रवेश. तुमचा नंबर कोणत्या सिमला जोडलाय ही नोंद कंपनीच्या कोअरमध्ये असते. म्हणून कंपनी बदलून नंबर तोच ठेवता येतो. आणि म्हणूनच तुमच्या नावाने कुणी डुप्लिकेट सिम काढलं तर ओटीपी त्याच्या हातात जातात. चांगली रेंज असलेल्या जागी फोनवर अचानक ‘नो सर्व्हिस’ आलं आणि रीस्टार्ट करूनही गेलं नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला कळवा. इथे उद्यावर ढकलायचं नाही.

२जी ते ५जी, थोडक्यात

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून दिल्लीला झाला. ते २जी होतं. ३जी आता बहुतेक इतिहासजमा आहे. ४जी मध्ये सगळंच डेटा असतं, आवाजसुद्धा, आणि त्या आवाजी सेवेचं नाव व्होल्टी. फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टी बंद असेल तर ज्या कंपनीकडे २जी शिल्लक आहे तिथे कॉलच्या वेळी फोन खाली २जी वर उतरतो. कॉल लागायला वेळ जातो आणि तेवढा वेळ नेट थांबतं. जिओकडे २जी नाहीच, तिथे व्होल्टी बंद म्हणजे कॉल बंद. ‘नेट चालतं, पण कॉल लागत नाही’ अशी तक्रार असेल तर पहिलं बोट या सेटिंगवर ठेवा.

५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. जिओने ते स्वतंत्र उभं केलं, एअरटेलने सुरुवातीला ४जी च्या आधारावर. हा फरक एरवी जाणवत नाही. जाणवते ती फ्रिक्वेन्सी.

७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटिमीटर, तर ५जी चा मोठा भार वाहणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झची साधारण ९ सेंटिमीटर. खालची फ्रिक्वेन्सी लांब जाते, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते, पण तिच्यात जागा कमी. वरच्या फ्रिक्वेन्सीत जागा भरपूर: ४जी चा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, ५जी चा ३३०० मध्ये १०० पर्यंत जातो. स्पीड त्यातून येतो. पण ही लहर काँक्रीटपुढे लवकर हात टेकते. म्हणून गॅलरीत ५जी सुसाट धावतं आणि आतल्या खोलीत फोन ४जी आणि ५जी मध्ये गटांगळ्या खातो.

पायरी पहिली: काड्या विसरा, आकडा बघा

स्क्रीनवरच्या काड्या हा फोन बनवणाऱ्याचा अंदाज. तीच रेंज एका फोनवर चार काड्या दाखवते, दुसऱ्यावर दोन. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो, त्यात आरएसआरपी शोधा, सिग्नलच्या ताकदीचा आकडा तोच.

आकडा उणे असतो, त्यामुळे लहान दिसणारा चांगला. −८० किंवा त्याहून बरं असेल तर तक्रारीला जागा नाही. −९५ पर्यंत सगळं नीट चालतं. −१०५ च्या पुढे कुरकुर सुरू होते, −११५ ला कॉल तुटतात, −१२० म्हणजे जवळपास संपलंच. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: १० चा फरक म्हणजे दहा पट. खिडकीत −८४ आणि किचनमध्ये −१०९ आला, तर तेवढ्या चार पावलांत सिग्नल तीनशे पटींहून जास्त पडला.

टॉवरची ताकद दहा-वीस वॉटच्या घरात, तुमच्या फोनची जास्तीत जास्त ०.२ वॉट. रेंज कमी झाली की टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला पोचत नाही. पलीकडून ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ आणि आपल्याला सगळं स्वच्छ, हा अनुभव इथून येतो. अशा जागी फोन पूर्ण जोर लावतो, गरम होतो, बॅटरी उतरते. टॉवरच्या रेडिएशनची भीती घालणारे ही बाजू सांगत नाहीत: टॉवर दूर गेला की कानाला लावलेला फोन जास्त जोराने ओरडतो. टॉवरसाठी भारताने २०१२ मध्ये मर्यादा ठरवली ती तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा भाग.

पायरी दुसरी: घराचा नकाशा

कागदावर घराचा ढोबळ आराखडा काढा. हॉलची खिडकी, हॉलचा मधला भाग, बेडरूम, किचन, पॅसेज, प्रत्येक ठिकाणी फोन अर्धा मिनिट स्थिर धरा आणि आकडा लिहा. ५जी फोन असेल तर नेटवर्क सेटिंग ४जी वर टाकून तीच फेरी पुन्हा मारा. ४जी वर आतल्या खोलीत आकडा स्थिर आणि ५जी वर उड्या मारणारा निघाला, तर घरात असताना ४जी वर ठेवा. स्पीडटेस्टचा मोठा आकडा मित्रांना दाखवता येणार नाही, पण कॉल टिकेल.

मग फोन निर्दोष आहे का बघा. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी नवीन हँडसेट घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

“अरे, याचा अँटेनाच गेलाय. किचनमध्ये काही चालतच नाही.”

“काकू, आधी तुमचं सिम माझ्या फोनात टाकू. मग घ्या हवा तो.”

किचनच्या ओट्यापाशी त्यांच्या फोनवर −११३ होता, माझ्यावर −१११. फोन निर्दोष. ओट्यामागे शेजारच्या बिल्डिंगची भिंत, मध्ये जेमतेम हातभर गल्ली. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं तर तिथेच −९६. त्या कंपनीचा अँटेना दुसऱ्या दिशेला होता, इतकंच. असा प्रयोग करायला शेजाऱ्याचं सिम पुरतं.

इमारत काय प्रकारची आहे यावर बरंच अवलंबून असतं. जुन्या चाळीच्या लाकडी-विटांच्या बांधकामातून सिग्नल मुकाट आत येतो. नव्या टॉवरच्या सगळ्या भिंती आरसीसीच्या, आत लोखंडाची जाळी. बीकेसी, लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत तर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असलेल्या काचा असतात. तो थर २० ते ३० डीबी सहज खातो, म्हणजे शंभर ते हजार पट.

पायरी तिसरी: उंच मजल्यावरचं वेगळं दुखणं

पंचविसाव्या मजल्यावर राहणारे सांगतात, ‘काड्या फुल्ल आहेत, पण कॉल तुटतोच.’ ते खोटं बोलत नसतात. अँटेना रस्त्यावरच्या आणि मधल्या मजल्यांवरच्या लोकांसाठी खाली झुकवलेले असतात. वरच्या मजल्यावर जवळच्या टॉवरचा मुख्य झोत पोचत नाही, पण मोकळ्या आकाशातून लांबलांबचे दहा टॉवर एकदम दिसतात, खाडीपलीकडचेही. कुणीच ठाम नाही. फोन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत बसतो.

हे ओळखायचं ते एसआयएनआर या आकड्यावरून, जो फील्ड टेस्टमध्ये किंवा नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये मिळतो. तो सांगतो की कामाचा सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे. २० च्या आसपास उत्तम, १० चालेल, शून्याच्या खाली गेला की आरएसआरपी −७८ असूनही उपयोग नाही. इथे उपाय उलटा असतो: खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत जाऊन बघा. भिंती लांबच्या टॉवरना अडवतात आणि उरलेला एखादा नीट ऐकू येतो. नेहमी जमेल असं नाही, पण करून बघायला पैसे लागत नाहीत.

पायरी चौथी: घड्याळ

एकाच जागी उभं राहून सकाळी सहाला आणि रात्री दहाला स्पीड मोजा. डीबीएम दोन्ही वेळी सारखा आणि स्पीड सकाळी ४०, रात्री १ एमबीपीएस? मग दोष गर्दीचा. सेलमधली जागा सगळ्यांत वाटली जाते. काड्या म्हणजे सहाच्या सुमाराला दादरला विरार फास्ट लागल्याचं इंडिकेटरवर दिसणं. आत पाय ठेवायला जागा आहे का, हे त्यावरून कळत नाही.

त्याआधी एक फालतू वाटणारी गोष्ट बघून घ्या: आजचा डेटा संपलाय का. बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, आणि रात्री दहाला नेमका तेव्हाच संपलेला असतो. निम्म्या ‘नेट स्लो’ तक्रारी इथेच मिटाव्यात असं मला वाटतं.

निदानाचा ठोकताळा असा. रेंज चांगली, कॉल लागतो, नेट रडतं: गर्दी किंवा कोटा, कारण व्होल्टी कॉलला नेटवर्क वेगळी राखीव वाट देतं. नेट चालतं, कॉल लागत नाही: व्होल्टीची सेटिंग. रेंज चांगली, पण दोन्ही मेलेलं आणि शेजाऱ्याचंही तसंच: टॉवरमागची फायबर तुटली असेल किंवा टॉवरच आजारी असेल. रस्ता खोदलेला असेल तर संशय आणखी पक्का. इथे तुम्ही काही करू शकत नाही, तक्रार करा आणि थांबा.

उपाय

घरात ब्रॉडबँड असेल तर सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग. भारतात हे २०१९ च्या अखेरीपासून सुरू झालं, बहुतेक नव्या फोनमध्ये आहे, वेगळा चार्ज नाही. सिमच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं. कॉल तुमच्या राउटरमधून कंपनीच्या कोअरपर्यंत जातो, टॉवरची गरजच उरत नाही. ओट्यापाशी −११३ असलेल्या काकूंचं काम यावर भागलं. अट एकच, वाय-फाय किचनपर्यंत पोचायला हवं. आणि वीज गेली की राउटर बंद. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईच्या बहुतेक भागांत वीज गेली तेव्हा ज्यांचं सगळं राउटरवर होतं त्यांना हे कळलं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, घेऊन ठेवा.

वाय-फायची फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नाही, म्हणून तिथे हक्कही नाही. चाळीत किंवा लागून लागून असलेल्या बिल्डिंगांत वीस राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झमध्ये भांडतात. राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. दोन खोल्या पलीकडे २.४ च लागतं, तेव्हा चॅनल १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर गर्दी कमी तो घ्या. हे तिघेच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

बूस्टर घेऊ नका. दुकानात आणि ऑनलाइन तो उघड मिळतो म्हणून कायदेशीर ठरत नाही. परवानगीशिवाय असा रिपीटर बसवणं गुन्हा आहे. कारण साधं आहे: स्वस्त रिपीटर सगळा गोंगाटही मोठा करून टॉवरकडे पाठवतो आणि त्या सेलमधल्या बाकीच्यांचे कॉल तुटतात. एका घराची सोय, अख्ख्या गल्लीचा खोळंबा.

पूर्ण विंगमध्ये त्रास असेल तर सोसायटीने कंपनीला लेखी कळवून इमारतीच्या आत छोटे अँटेना बसवायला सांगावं. एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना दार बंद करू नका. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला हे आधीच विचारावं. इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचे स्टार देण्याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२४ मध्ये आणलेत.

तक्रार अशी लिहा की टाळता येणार नाही

‘नेटवर्क खूप खराब आहे’ या वाक्यावर कॉल सेंटरवाला फोन रीस्टार्ट करायला सांगणार, दुसरं काय करणार? त्याऐवजी असं सांगा: “दुसरा मजला, मागची बाजू, पिनकोड अमुक. रोज रात्री ९ ते ११. आरएसआरपी −८६, स्पीड १ एमबीपीएसच्या खाली. सकाळी ७ ला त्याच जागी ४०. दोन वेगळ्या फोनवर तपासलं.” तक्रारीसाठी १९८ हा मोफत नंबर. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. अपिलानंतरची पायरी म्हणजे दूरसंचार विभागाचं तक्रार पोर्टल.

घराबाहेर

भुयारी मेट्रोत वरची रेंज खाली उतरत नाही. तिथे स्टेशनात वेगळे अँटेना आणि बोगद्याच्या कडेने सिग्नल झिरपवणारी खास केबल लागते. मेट्रो ३ चं क्यूआर तिकीट जिने उतरण्याआधीच काढून ठेवा.

गिरगावच्या विसर्जनाला कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणतात, तरी गर्दी भारी पडते. तिथे व्हिडिओ कॉलच्या नादी न लागता एसएमएस पाठवा, तो इवलासा असल्यामुळे फटीतून निघून जातो. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०, आणि जोडाक्षरं, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘मी ऑपेरा हाऊसच्या कोपऱ्यावर आहे’ एवढं त्यात आरामात मावतं.

पावसाने फोनच्या लहरी अडत नाहीत, अडतात त्या टॉवर-टॉवरमधल्या मायक्रोवेव्ह डिशच्या. त्याहून मोठा शत्रू म्हणजे वीजपुरवठा बंद पडणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी मोबाइल नेटवर्क कोलमडलं होतं. अशा दिवशी बॅटरी जपा: ५जी बंद, स्थान-ट्रॅकिंग बंद. आणि २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी अचानक किंचाळलेला तो सरकारचा आणीबाणीचा इशारा सेटिंगमधून बंद करू नका. तो मेसेज नंबर बघून येत नाही, सेलमधल्या सगळ्या फोनवर एकदम प्रसारित होतो, त्यामुळे गर्दीत अडकत नाही.

शेवटी पोर्ट

एवढं करूनही दुसऱ्या कंपनीचं सिम तुमच्याच घरात, तुमच्याच वेळी चांगलं चालत असेल, तर खुशाल बदला. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, मग स्पेस, मग तुमचा नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. उरलेला पॅक आणि बॅलन्स बुडतो, म्हणून वर्षाचा रिचार्ज मारून दुसऱ्या महिन्यात पोर्ट करू नका.

मुंबई हे वेगळं सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा वेगळा विभाग आहे. त्यात नवी मुंबई, ठाणे, कल्याण येतं, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा दुसऱ्यात. दोन्हीकडे कंपन्यांचं स्पेक्ट्रम आणि टॉवर वेगवेगळे, त्यामुळे अंधेरीत अव्वल असलेली कंपनी तुमच्या संगमेश्वरच्या वाडीत मुकी असू शकते. कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे टाकावे लागतात, त्यात गाव शोधून बघा. गावी कुणाचा फोन अंगणात लागतो आणि कुणाचा आंब्याखाली जाऊन लावावा लागतो, हे तिथल्या माणसाला विचारा. गणपतीला जाणारच असाल तर पोर्टचा मेसेज गावाहून परतल्यावर पाठवा.